वाढता की पुरा

ती गेल्याचं कळलं तेव्हा तो दुकानात दोन आल्बम हातात घेऊन उभा होता. एका हातात जाड, कड्यांचा, पानं हवी तेव्हा काढता-घालता येतील असा. दुसऱ्या हातात पातळ, शिवलेला, कापडी पुठ्ठ्याचा. दुकानदार काउंटरवर कोपरं टेकून म्हणत होता, "संग्रह वाढता आहे की पुरा झालेला? तेवढं सांगा, मग कुठला घ्यायचा ते मी सांगतो." 'वाढता' म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि खिशातला फोन थरथरला. फोन घ्यायचा तर एक आल्बम खाली ठेवायला हवा होता. कुठला ठेवावा हे त्याला ठरवता येईना. फोन थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. शेवटी दुकानदारानंच दोन्ही आल्बम त्याच्या हातांतून काढून घेतले. फोनवर मेहुणी होती. "भावोजी, या," ती म्हणाली. "घाई करू नका. सावकाश या." तो दवाखान्यातून निघाल्यापासून तिनं प्रत्येक फोनवर लवकर या, लवकर या असा धोशा लावला होता. आता घाई करू नका म्हणाली, त्यातच सगळं आलं.

त्यानंतर तो त्या रस्त्यानं जाताना पलीकडच्या फुटपाथनं जायचा. ठरवून असं नाही, पाय आपोआप तिकडे वळायचे. पण काही महिन्यांनी पलीकडचा फुटपाथ खणला गेला. जुनी पाण्याची लाइन बदलायचं काम होतं आणि ते त्याच्याच ऑफिसचं होतं. नकाशा विभागात त्यानं स्वतः ती लाइन तुटक रेघेनं आखली होती. झालेलं काम सलग रेघेनं दाखवायचं आणि व्हायचं काम तुटक रेघेनं, हा तिथला नियम. आखताना हा आपला रोजचा रस्ता आहे हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. आपणच आखलेल्या खड्ड्यानं त्याला दुकानाच्या दारावरून जायला लावलं आणि दुकानदारानं आतून हाक मारली, "अहो साहेब! तुमचं उत्तर राहिलंय!"

तो थांबला.

"त्या दिवशी गेलात ते गेलातच. दोन्ही बाजूला काढून ठेवलेत मी. बाईसाहेब बऱ्या आहेत ना? त्यांच्यासाठीच घेत होतात ना तुम्ही?"

"हो," तो म्हणाला. "बऱ्या आहेत."

एवढं बोलून तो चालू लागला. आपण काय बोललो ते कोपऱ्यावर पोहोचल्यावर त्याला कळलं. खोटं बोलायचं मनात नव्हतं. प्रश्नाला जे रोजचं उत्तर असतं ते तोंडातून निघून गेलं. पण आता त्या दुकानात ती बरी होती. अख्ख्या गावात एका जागी ती बरी होती आणि त्या जागेवरून त्याला रोज दोनदा जायचं होतं.

घरी आल्यावर त्यानं दार उघडलं ते नेहमीसारखं, अर्धंच. पूर्ण उघडलं की वाऱ्याचा झोत थेट टेबलावर जातो. आत शिरून दार हलकेच लावायचं, चप्पल काढायची, भिंतीच्या कडेनं स्वयंपाकघरात जायचं. पंखा लावायचा नाही. खिडकी उघडायची नाही. टेबल जेवायचं होतं, वर काच होती, आणि काचेवर तिची तिकिटं मांडलेली होती. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तिनं जुन्या आल्बममधली पोस्टाची सगळी तिकिटं सोडवून ओळीनं मांडून ठेवली होती, नव्या आल्बममध्ये कशी लावायची ते बघायला. जाताना दारातून म्हणाली होती, "दोन दिवसांत येते. कशाला हात लावू नका. आणि वारा येऊ देऊ नका." मग दवाखान्यातून तिनं त्याला आल्बम आणायला पाठवलं, आणि तो दुकानात असतानाच ती गेली. हात लावू नका हे तिचं शेवटचं सांगणं नव्हतं. शेवटचं सांगणं 'पांघरूण काढा, उकडतंय' असं काहीतरी होतं. पण ते करून झालं होतं. हे अजून चालू होतं.

तो ओट्यापाशी उभ्यानं जेवायचा. धुतलेले कपडे बाहेरच्याच खोलीत दोरीवर वाळत घालायचा, कारण गच्चीवर गेलं की दार उघडं राहतं. कपडे दोन-दोन दिवस ओलसर राहायचे. खोलीला ओल्या टॉवेलचा वास यायचा, भिंतींवर कोपऱ्यात काळपट ठिपके धरले होते. उकाड्यानं अंग चिकट व्हायचं. तो बनियनवर बसून टेबलाकडे पाहायचा. खुर्चीवर नाही, तिच्या खुर्चीवर डुप्लिकेट तिकिटांचा डबा होता आणि त्याच्या खुर्चीवर जुना आल्बम. तो भिंतीला टेकून जमिनीवर बसायचा. तिथून तिकिटं दिसत नसत, काचेची हिरवी कड तेवढी दिसे.

जुना आल्बम त्यानंच तिला आणून दिला होता, लग्नानंतर लगेच. छापील होता. प्रत्येक देशाला पान, पानावर चौकटी, चौकटीत फिक्या शाईत तिकिटाचं चित्र, म्हणजे कुठलं तिकीट कुठं बसवायचं ते डोकं न लावता कळावं. त्याला तो फार आवडला होता. ऑफिसात त्याचं टोपणनाव 'आखीव' होतं आणि त्या नावाचं त्याला वाईट वाटत नसे. तिनं दोन पानं उलटली आणि म्हणाली, "ह्यात सगळे राजेच आहेत हो." तिचा नियम वेगळा होता. तिला फक्त कामात असलेली माणसं हवी असत. मासे सोलणारी बाई, वेल्डर, विणकर, शिडीवर चढून तारा जोडणारा, पाव भाजणारा. राजे, पुढारी, पुतळे, झेंडे काही नको. "उभं राहून फोटो काढून घेणाऱ्यांना माझ्याकडे जागा नाही," ती म्हणायची. वापरलेली तिकिटंही नकोत, कोरीच हवीत. "शिक्का नेमका हातावर बसतो त्यांच्या. मग काम कसं करतील?" ती दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती. तिथलाच एक वाकड्या टोकाचा चिमटा निकामी झाला म्हणून तिनं घरी आणला होता, त्यानं ती तिकीट उचलायची, आणि उचलताना तिचं स्वतःचं तोंड किंचित उघडायचं, दिवसभर लोकांना 'आ करा' म्हणून म्हणून. त्यानं आणलेला छापील आल्बम तिनं टाकून दिला नाही. त्यावरच लावायला लागली. राजाच्या छापील चौकटीवर तिरका वेल्डर. राज्याभिषेकाच्या ओळीवर धोबिणी. तो हबकला होता. "अगं, चौकट आहे ना ती? दुसऱ्याची जागा आहे." ती म्हणाली, "मग? तो कुठं आलाय बसायला?"

पुढं तो आल्बम फुगला. शिवलेल्या आल्बमचं असं होतं, पानांवर तिकिटं चढतात आणि पान जाड होतं, पण बुंध्याशी जाडी तेवढीच राहते. मग तो मिटत नाही, पंख्यासारखा उघडा राहतो. त्यावर उपाय त्याला माहीत होता. एकाआड एक पान कापायचं, बुंध्याशी बोटभर पट्टी ठेवायची, म्हणजे दोन पानांमध्ये जागा होते. त्यानं ब्लेड आणि पट्टी घेऊन तसं केलंही होतं, पण ती थांबत नव्हती. त्यानं जागा करायची आणि तिनं भरायची. शेवटी शिवण तुटली. "आता कड्यांचा आणा," ती म्हणाली, "आणि पानं कोरी. चौकटी मी सांगेन तशा आखा." हे बोलणं झालं तेव्हा तिला खोकला होता. नुसता खोकला, असं दोघं म्हणत होते.

दाराखालच्या फटीतून आत पडलेलं पाकीट त्याला त्या संध्याकाळी उशिरा दिसलं. बेटकरांचं होतं. बेटकर हे तिनं ठेवलेलं नाव. कुठल्याशा लांबच्या बेटावर राहणारा माणूस, पुरुष की बाई तेही नक्की नाही, तिच्याशी तिकिटांची अदलाबदल करायचा. एकमेकांची भाषा दोघांनाही येत नव्हती. पाकिटात चिठ्ठी नसायची, कधीच नव्हती. पातळ कागदात गुंडाळलेली कोरी तिकिटं, सगळी कामातल्या माणसांची, आणि तिनं तेवढीच परत पाठवायची. तिची आवड त्याला कळली कशी हे तिलाही सांगता यायचं नाही. पहिल्यांदा त्यानं पक्षी पाठवले होते. तिनं विणकर पाठवला. पुढच्या खेपेला त्यानं मिठागरातल्या बायका पाठवल्या. "कळलं त्यांना!" ती घरभर ओरडत फिरली होती. "बेटकरांना कळलं! तुम्हाला इतकी वर्षं नाही कळलं!"

ती गेल्यावरही पाकिटं येत राहिली. पहिलं आलं तेव्हा दिवस नुकतेच उरकले होते. त्यानं ते फोडलं, तिकिटं पाहिली, ड्रॉवरमध्ये ठेवली आणि डब्यातली डुप्लिकेट तेवढीच मोजून परत पाठवली. पत्ता तिच्या अक्षरात घातला. दुसऱ्याच्या अक्षराची नक्कल करणं हे त्याचं रोजचंच काम होतं, जुने नकाशे पुन्हा काढताना जुनंच अक्षर ठेवावं लागतं. तिचं मोठं, उजवीकडे कललेलं अक्षर त्याच्या हातातून सहज उतरलं. पाकीट पेटीत टाकल्यावर त्याला बरं वाटलं, दिवसभर. नंतर दुसरं आलं. मग तिसरं. आता डबा तळाला आला होता.

रविवारी मेहुणी आली, डबा घेऊन. तिला घराची किल्ली होती. ती आली की आधी बोलायची आणि मग आत शिरायची.

"भावोजी, मी आलेय. अहो काय हा वास! घर आहे का धोब्याचं गोदाम?"

"दार लाव," तो स्वयंपाकघरातून म्हणाला.

"लावते, लावते. तुमच्या तिकिटांना सर्दी होईल." तिनं डबा ओट्यावर ठेवला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. "वजन किती उतरलंय तुमचं? आरशात बघता की नाही? का आरसाही वारा घालतो?"

"बस."

"कुठं बसू? खुर्चीवर डबा, खुर्चीवर आल्बम. माझ्या घरी या म्हटलं तर येत नाही. इथं आलं तर बसायला जागा नाही. ताई असती ना, तर पहिली तिनं तुम्हाला बाहेर काढलं असतं."

"तिनंच सांगितलंय हात लावू नका म्हणून."

"दोन दिवस म्हणाली होती ती!" मेहुणीचा आवाज चढला. मग तिनं तो खाली आणला. "भावोजी, दोन दिवसांसाठी म्हणाली होती. तुम्ही तिचं बोलणं असं भिंतीवर टांगून काय बसलात?"

तिच्या बोलण्यात चूक काढता येत नव्हती आणि ते बरोबर आहे असंही म्हणता येत नव्हतं. त्यानं चहा ठेवला. पाण्याची वाफ वर चढली, ओट्यावरून बाहेरच्या खोलीत सरकली. तिला खोकला आला. एकदा, दोनदा. तिचा खोकला हुबेहूब बहिणीसारखा होता, शेवटी बारीक शीळ वाजल्यासारखा, आणि तो ऐकून त्याच्या हातातलं झाकण खाली पडलं. तो वाकला. तेवढ्यात ती म्हणाली, "छे, जीव गुदमरतो," आणि खिडकीकडे गेली. कडी इतक्या दिवसांत घट्ट बसली होती. तिनं हाताच्या तळव्यानं धक्का मारला आणि दोन्ही दारं बाहेर आपटली.

वारा आत आला. दोरीवरचे कपडे एकदम उडाले, कॅलेंडर भिंतीवर फडफडलं. तो ओरडत धावला. काय ओरडला ते त्याला नंतर आठवलं नाही. टेबलावर त्यानं स्वतःला झोकून दिलं, दोन्ही हात पसरून, छाती काचेला टेकवून, मानेनं सुद्धा काही तिकिटं दाबून. डोळे मिटले होते. कानाशी वारा वाजत होता. तो तसाच पडून राहिला आणि तिकिटं हाताखालून निसटायची, गालाला लागायची वाट पाहत राहिला.

काही हललं नाही.

त्यानं एक डोळा उघडला. डोळ्यापाशी पाव भाजणारा होता, भट्टीत लांब फावडं घालून. तिकिटाचे दाते वाऱ्यात थरथरतही नव्हते. त्यानं हात उचलला. हाताबाहेरच्या ओळीही जागच्या जागी होत्या. त्यानं नखानं एकाचा कोपरा उचलून पाहिला. कोपरा आला नाही. कोऱ्या तिकिटांना मागे डिंक असतो. ओले कपडे, वाफ, बंद खोलीचा घाम, सगळं त्या डिंकानं प्यायलं होतं आणि सगळी तिकिटं काचेला चिकटून बसली होती. कधीची कोण जाणे. वाऱ्यापासून जपायला त्यानं जे जे केलं त्यानंच ती चिकटली होती. इतके दिवस तो दार अर्धं उघडून, भिंतीला घासत ज्यांना सांभाळत होता, ती वादळातही उडाली नसती.

मेहुणीला हसू आलं. आवरलं नाही तिला. "अहो, उठा! कुणी पळत नाहीये!" मग तिनं त्याचं तोंड पाहिलं आणि हसणं थांबवलं. ती जवळ आली, वाकली, तिनंही नखानं एक कोपरा उचलून पाहिला. "अगं बाई," ती हळूच म्हणाली.

चहा उकळून गेला होता. तिनं गॅस बंद केला. नंतर दोघं जमिनीवरच बसले, भिंतीला टेकून. खिडकी उघडीच राहिली, ती लावायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. रस्त्यावरून खणायच्या यंत्राचा आवाज येत होता.

"पाण्यानं निघतील?" तिनं विचारलं.

"निघतील. डिंक जाईल पण. मग ती कोरी राहत नाहीत. धड कोरी नाहीत, धड वापरलेली नाहीत."

"चालेल ना पण? माणसं तीच राहतील."

तो काचेच्या हिरव्या कडेकडे पाहत म्हणाला, "बेटकरांचं पाकीट आलंय."

"म्हणजे अजून? तुम्ही कळवलं नाहीत?"

"कसं कळवणार? त्यांना आपली भाषा येत नाही. मला त्यांची येत नाही. आमच्यात सगळं तिकिटांनीच."

"मग पाठवू नका. पाठवणं बंद केलं की आपोआप कळेल."

"आपोआप काय कळेल? कळेल की हिनं सोडून दिलं. रागावली. विसरली." त्याचा आवाज त्याला स्वतःलाच अनोळखी वाटला. "ती विसरणारी नव्हती."

मेहुणीनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. "आखीव भावोजी," ती म्हणाली, "तुम्ही रडलात तरी चालेल हो. तिकिटं चिकटलेलीच आहेत."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना तो दुकानात शिरला. दुकानदारानं दोन्ही आल्बम काउंटरवर आणून ठेवले, वरची धूळ फुंकली. "हं, बोला. वाढता की पुरा?" प्रश्न तोच होता. धंद्याचा प्रश्न होता, त्यात काही मनात धरण्यासारखं नव्हतं. जाड आल्बमवर त्याचा हात गेला. कडी उघडून पाहिली, पुन्हा मिटली. खटका चांगला होता. ह्यात कितीही पानं घालता आली असती, ड्रॉवरमधली बेटकरांची सगळी, आणि पुढं येतील तीही. पण ती कुणी लावायची? मिठागरातल्या बाईशेजारी कोण बसेल हे त्याला ठरवता आलं नसतं. नियम त्याला पाठ होता, कामात असलेलं माणूस हवं, पण नियम पाळून तो काय जमवणार होता? राजे नसलेली तिकिटं. ते काही तिचं नव्हतं.

"पुरा," तो म्हणाला.

"पुरा? त्या दिवशी तर बाईसाहेबांना आणखी—"

"त्या दिवशीच गेल्या त्या. परवा मी तुम्हाला बऱ्या आहेत म्हणालो. ते खरं नव्हतं."

दुकानदारानं काउंटरवरची कोपरं काढली, सरळ उभा राहिला. जाड आल्बम उचलून त्यानं मागच्या फळीवर ठेवला, पातळ आल्बम कागदात बांधला आणि दोरीची गाठ मारताना म्हणाला, "पानं कापून पट्ट्या ठेवायच्या असतील तर आधी ठेवा. लावून झाल्यावर कापू नका."

"माहीत आहे," तो म्हणाला.

त्यानं आधी काचेवर ट्रेसिंग पेपर अंथरला आणि सगळ्या ओळी उतरवून घेतल्या, प्रत्येक तिकिटाची चौकट, तिरकं असेल तर तिरकी. उतरवताना तिची मांडणी त्याला पहिल्यांदा दिसली. कुणाचीही पाठ शेजाऱ्याकडे नव्हती. डावीकडे बघणारे उजव्या टोकाला, उजवीकडे बघणारे डाव्या टोकाला, मध्ये समोर बघणारे. एक ओळ म्हणजे एकमेकांकडे बघत काम करणारी माणसं. पातळ आल्बमचं पान तिच्या ओळीपेक्षा अरुंद होतं. ओळ तोडावी लागणार होती आणि तोडली की कुणीतरी पानाबाहेर बघत बसणार. त्यावर तो पुष्कळ झटला. शेवटी त्यानं ओळ समोरासमोरच्या दोन पानांवर पसरली, म्हणजे आल्बम उघडा असेल तोवर ओळ सलग आणि मिटला की तारा जोडणारा मासे सोलणारीच्या अंगावर. मध्ये जिथं पान कापायचं तिथं कापलं, बोटभर पट्ट्या ठेवल्या. मग ओलं फडकं काचेवर पसरून, ओळीओळीनं, तिच्या चिमट्यानं तिकिटं सोडवली. ती मऊ होऊन येत होती, मागे बुळबुळीत. टिपकागदात घालून त्यानं ती जुन्या फुगलेल्या आल्बमखाली दाबली, वाळल्यावर कागदी बिजागऱ्या, म्हणजे मागे चिकटवायच्या घडीच्या चिटुकल्या पट्ट्या, लावून बसवली. चिमटा उचलताना आपलं तोंड उघडं पडतंय हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं मिटलं नाही. खिडकी उघडी होती, पंखा मात्र त्यानं लावला नाही, ह्या वेळी खरंच उडाली असती.

काम झालं. आल्बम नीट मिटतो. शेवटची दोन पानं मोकळी राहिली, त्यांवर त्यानं काही आखलं नाही, सलग नाही की तुटक नाही. टेबल पुसलं तरी काचेवर उजेडात डिंकाचे चौकोन दिसतात. तो आता टेबलावर जेवतो, ताट त्या चौकोनांवर ठेवून. मेहुणी येते तेव्हा खुर्चीवर बसते.

ह्या शनिवारी बेटकरांचं आणखी एक पाकीट आलं. ते टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकून उभं आहे, पंख्याच्या वाऱ्यानं जरा हलतं. फोडलेलं नाही. मागच्या पाकिटाच्या बदल्यात शेवटची गेली, आता डब्यात परत पाठवायला एकही तिकीट उरलेलं नाही. बेटावर अजून कळवायचं आहे.